कम्युनिझमचा बागुलबुवा आणि गिरणगाव
(उतई येथील मराठी कामगारांच्या सभेतील भाषण)



भिलाईच्या परिसरात कम्युनिझमची भीती घालणे हा खरे तर हास्यास्पद उद्योग आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि तिच्या आधारावर हजारो घरांच्या चुली पेटल्या. तरीही ही भीती पुन्हा पुन्हा विकली जाते. तिचा व्यापार कसा चालतो, हे मुंबईच्या गिरणगावात अगदी उघडपणे दिसले. म्हणून आज मी परळविषयी बोलणार आहे.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. बेकारीने गांजलेल्या मराठी तरुणाचा प्रश्न खरा होता. बाळ ठाकरे यांनी दिलेले उत्तर खोटे होते. प्रथम दाक्षिणात्य कारकून शत्रू ठरला, पाठोपाठ कम्युनिस्ट. वास्तविक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कॉम्रेड डांगे अग्रभागी होते. अवघ्या दहा वर्षांत लाल बावटा महाराष्ट्रद्रोही कसा झाला? गिरणीमालकांना या प्रश्नात रस नव्हता. लढाऊ युनियन मोडण्यात मात्र होता. वसंतराव नाईकांच्या काँग्रेस सरकारने तर इतकी डोळेझाक केली की, लोक शिवसेनेला ‘वसंतसेना’ म्हणू लागले.

डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ साली भारतीय कामगार सेना उभी राहिली. आणि ५ जून १९७० च्या रात्री परळचे आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. मराठी माणसाच्या नावाने मराठी कामगारांचा मराठी आमदार मारला गेला! खटल्यात तरुण शिवसैनिकांना शिक्षा झाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत कृष्णा देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी विजयी होऊन त्या पक्षाचे पहिले आमदार झाले. या आकड्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या चाळींनी १९६७ साली कृष्णा देसाईंना निवडून दिले, त्यांतलीच काही मते फिरली. ती सारी धाकाने फिरली असे मानणे सोयीचे आहे, परंतु अपुरे आहे. हाताला काम नसलेल्या तरुणाला शेजारचा शत्रू दाखवला की मालकाकडे पाहण्याचे तो विसरतो. दुसरीकडे, आमदाराचा खून पाहूनही हजारो माणसांनी सरोजिनीताईंना मत दिले, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

तुम्हाला हे परके वाटू नये. शंकर गुहा नियोगी आपल्या पक्षाचे नव्हते. परंतु त्यांनाही नक्षलवादी ठरवले गेले आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच, झोपेत असताना, त्यांना गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पुढे हीच भीती कायद्याच्या भाषेत आली. छत्तीसगडने २००५ साली विशेष जनसुरक्षा कायदा केला. त्याखाली मे २००७ मध्ये डॉ. बिनायक सेन यांच्यासारख्या गरिबांच्या डॉक्टरला अटक झाली.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही त्याच नावाचे विधेयक मंजूर केले. त्यात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना असे शब्द आहेत. कडवी कोणती, हे प्रथम सरकार ठरवणार. विधानसभेत त्याला विरोध केला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार विनोद निकोले यांनी.