दालमिल जवळ, काम दूर



अकोल्याला दालमिली पुष्कळ आहेत. जिनिंगही आहेत. तूर आपल्या वावरातली, कापूसही आपलाच. पण तिथे राबणारे कितीतरी हात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले. आणि आपली पोरं काम शोधत पुण्याला जातात!

लोक म्हणतात, "इथली पोरं आळशी." आम्हाला हे पटत नाही. भर उन्हात डवरणी करणारा माणूस आळशी कसा? अडचण दुसरी आहे.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला जोर धरतो. नेमका तेव्हाच घरचा कापूस वेचायचा असतो. पुढे तूर सोंगायची असते. मग आपला माणूस चार दिवस कामावर येतो, पाचव्या दिवशी वावरात जातो. मालकाची मशीन कशी थांबणार? बाहेरचा मजूर बहुधा कामाजवळच राहतो, रात्रपाळी करतो. आपल्याला रात्री गावी परतायला एस.टी. नसते. त्यात मजूर आणतो ठेकेदार. तो ओळखीची माणसे आणतो. जागा निघाली हे आपल्या कानावरही येत नाही.

उद्योगात ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, असे राज्य सरकारचे धोरण १९६८ पासून आहे. २०२० साली टाळेबंदीत परप्रांतीय मजूर घरी गेले. तेव्हा जुलैमध्ये सरकारने 'महाजॉब्स' ही मोबाईलवर नाव नोंदवायची सोय काढली. चांगले केले. पण नाव नोंदवल्याने रात्रीची एस.टी. सुरू होत नाही!

म्हणून आम्ही सांगतो, एकट्याने जाऊ नका. आठ-दहा जणांनी मिळून एक पाळी मागा. एकाची वेचणी निघाली तर त्याचा बदली आपल्यातूनच द्या. येण्याजाण्याला भाड्याची एक गाडी ठरवा. मशीनचे काम शिकायचे तर आयटीआय आहे. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनही मिळते.

बाहेरच्या मजुराशी मात्र भांडू नका. भारतात कुठेही काम करायचा हक्क त्याला आहे, तसाच पुण्यात आपल्या पोराला आहे. तो पोटासाठी कमी पैशात राबला, तर आपलीही मजुरी पडते. सारख्या कामाला सारखी मजुरी मागा, त्याच्यासाठीसुद्धा.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. त्यांत कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यायचे आहे. ते मागून घ्या. आता वाचता येते ना? मग आधी मजुरीचा आकडा वाचा, कामाचे तास वाचा. नंतर सही करा, अंगठा नको.