धंद्याच्या फोनचं कार्ड बिघडलं तेव्हा

आमच्या बचत गटाचा फराळाचा धंदा एकाच फोनवर चालतो. ऑर्डर आली की चिठ्ठी लिहायची, तिचा फोटो काढायचा आणि चिठ्ठी टाकून द्यायची, अशी आमची रीत होती. सगळे फोटो मेमरी कार्डावर. दिवाळीला बारा दिवस उरले आणि सकाळीच फोनवर अक्षरं आली, 'कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा.'

एकीचं बोट तिथं गेलंच होतं, दुसरीनं हात धरला म्हणून वाचलो. फॉरमॅट करणं म्हणजे पाटी पुसणं. कुणाची किती चकली, कुणी किती पैसे आगाऊ दिले, सगळंच गेलं असतं.

मग आम्ही काय केलं, ते सांगतो. आधी फोन बंद केला. बिघडलेल्या कार्डावर नवीन फोटो काढायचे नाहीत, नवीन माहिती जुनीवर बसते. कार्ड काढून तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरवाल्याकडे नेलं. त्यानं ते कार्ड रीडरमध्ये घालून जेवढं निघालं तेवढं उतरवून घेतलं. आमच्यातल्या दोघी शेजारी बसूनच होत्या. गिऱ्हाइकांचे नंबर त्यात असतात, म्हणून काम झाल्यावर त्याच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसायला लावली.

बरेचसे फोटो मिळाले. काही अर्धे करडे निघाले, अकरा ऑर्डरी गेल्याच. आम्ही गिऱ्हाइकांना फोन लावले, खरं ते सांगितलं आणि त्यांच्या शब्दावर विसंबलो. फराळ सगळ्यांना वेळेवर पोचला. पण ते तीन दिवस आमच्या पोटात गोळा होता.

आता नवीन कार्डाविषयी. जुनं आम्ही आठवडी बाजारात स्वस्त मिळालं म्हणून घेतलं होतं. स्वस्त कार्डावर लिहिलेली जागा कधी कधी खोटी असते. म्हणून कार्ड पक्क्या पावतीनं घ्या. आपला फोन किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, ते आधी विचारा. काही जुने फोन ३२ जीबीच्या वरचं घेत नाहीत. नवीन कार्ड बसवल्यावर जुने फोटो त्यावर घाला आणि चार-पाच उघडून पाहा. चालू फोनमधून कार्ड ओढून काढू नका.

एक लक्षात ठेवा. काही फोनांत कार्ड फोनच्या आतल्या साठ्याला जोडलेलं असतं. तसं कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही. तेव्हा काढण्याआधी जाणकाराला दाखवा.

कार्ड आज ना उद्या झिजतंच. आता आम्ही दर शनिवारी फोटोंची प्रत दुसरीच्या फोनमध्ये ठेवतो. आणि रोज संध्याकाळी ऑर्डरी वहीत उतरवतो. वहीला चार्जिंग लागत नाही, मैत्रिणींनो! तुमच्या गटाची वही कुठे आहे, आजच बघा.