मुलांच्या हाती धनुष्य देताना

नाशिकच्या मुलांना धनुष्यबाणाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पंचवटीतलं मूल नीट बोलायला लागायच्या आधीच रामाच्या तसबिरीत ते बघतं. ओझरजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव बाणगंगा, आणि तो बाण कुणाचा हे आजी सांगतेच. शिवाय १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हाची पोरं आज आईबाप झालीत. बांबूची कामटी, सुतळी आणि खराट्याच्या काड्या एवढ्या भांडवलावर गल्लोगल्ली युद्धं चालायची. कुणाकुणाच्या डोळ्याला लागलंही. त्यामुळे आपलंच लेकरू येऊन म्हणतं, “मला तिरंदाजी शिकायचीय,” तेव्हा आईच्या पोटात धस्स होतं ते डोळ्याच्या भीतीनं. बाबांचं मन मात्र तोवर ऑलिंपिकला जाऊन पोचलेलं असतं.

माझी मुलगी तिरंदाजी शिकते. तिला सोडायला, आणायला जाता जाता मैदानाच्या कडेला बसून जे दिसलं, त्यातलं थोडं आज सांगते.

आधी डोळ्याचं. नीट चालवलेल्या मैदानावर सगळा कारभार शिट्टीवर चालतो. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की बाण काढायला जायचं. आणि शिट्टी एकसारखी वाजायला लागली तर ताणलेली दोरीसुद्धा हळूच परत सैल करायची. तीन शिट्ट्या होईपर्यंत रेषेपुढे कुणीही जायचं नाही. बाटली घरंगळत गेली तरी नाही, चेंडू आला तरी नाही. लक्ष्याकडे पळत जायचं नाही, कारण रुतलेल्या बाणांची मागची टोकं नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. बाण काढताना एक तळवा लक्ष्यावर दाबून धरायचा आणि मागे कुणी उभं नाही ना, हे बघायचं. घरी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारी मुलं इथं शिट्टीसरशी हलतात, हे बघून मला जरा हेवाच वाटतो. ही शिस्त ज्या मैदानावर दिसत नाही, तिथून मुलाला सरळ घरी आणावं.

आता बाबांच्या ऑलिंपिकचं. धनुष्य ओढायला किती जोर लागतो, ते पाउंडात मोजतात. मैदानावर त्याला पाउंडेजच म्हणतात. नवशिक्या लहान मुलाला बारा-चौदा पाउंडांचं धनुष्य पुरतं. मोठे पुरुष खेळाडू पंचेचाळीस-पन्नासपर्यंत जातात. या दोन आकड्यांमध्ये मुलाची वाढायची वर्षं असतात, आणि ती कापून टाकायची घाई मुलापेक्षा पालकालाच जास्त असते. “शेजारची चोवीस ओढते, आपला अजून सोळावरच?” असं बोलणं कडेला बसून रोज ऐकू येतं. झेपण्यापलीकडचं धनुष्य ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मूल ओढताना मागे झुकतं, पोट पुढे काढतं, खांदा कानाला लागतो, बाणाचं टोक आभाळाकडे जातं आणि दोरी हनुवटीपर्यंत येईस्तोवर हात लटलटायला लागतो. मग ते नेम धरत नाही, कसंबसं सोडून मोकळं होतं. तीच सवय अंगात मुरते. वाढत्या वयात खांद्याचं दुखणं मागे लागतं ते वेगळंच.

चांगले सर म्हणूनच पहिले कितीतरी दिवस धनुष्य हातात देत नाहीत. आधी आरशासमोर उभं राहून रबराचा पट्टा ओढायचा. नंतर धनुष्य येतं, पण समोर रंगीत वर्तुळं नसतातच. चार-पाच पावलांवर नुसता जाड गठ्ठा. मुलं कंटाळतात. पालक त्याहून जास्त कंटाळतात, कारण घरी जाऊन सांगायला गुण नसतात. पण नेमाची ओढ नसते तेव्हाच कोपर, खांदा आणि बोटं आपापली जागा शोधतात. माझ्या मते या खेळात आईबापांनी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की हा कंटाळा मुकाट्यानं सोसायचा आणि “मधल्या पिवळ्यात कधी मारणार?” हे विचारायचं नाही.

साताऱ्याच्या अदिती स्वामीची गोष्ट मला यासाठी आवडते. वडील शाळेत शिक्षक. मुलीनं काहीतरी खेळावं म्हणून ते तिला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. तिथं कुणी फुटबॉल खेळत होतं, कुणी धावत होतं, आणि एका कोपऱ्यात काही मुलं बाण सोडत होती. तिला तो कोपरा आवडला. खेळ मुलीनं निवडला. वडिलांनी पुढे शेरेवाडीहून बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं, धनुष्यासाठी कर्ज काढलं आणि शिकवायचं काम प्रशिक्षक प्रवीण सावंतांवर सोपवलं. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये ती कंपाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेती झाली. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण, वय सतरा. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं जगज्जेतेपद पुरे १५० गुण घेऊन जिंकलं. तोही साताऱ्यात सावंतांच्याच हाताखाली तयार झालेला.

फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव याच्या घरी तर मजुरी. खाण्याची आबाळ. जिल्हा परिषद शाळेतल्या विकास भुजबळ सरांनी त्याला आधी पळायला लावलं, त्याच्या खाण्याकडे बघितलं आणि क्रीडा प्रबोधिनीत पाठवलं. तिथं धनुष्य त्याच्या हातात आलं. अंगात जोर कमी पडतो म्हणून मध्यंतरी घरी परतायची वेळ आली होती, तेव्हा याच सरांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. तोच मुलगा पुढे टोकिओ ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला.

आपल्याकडे तिरंदाजी म्हटलं की एकलव्य आठवतोच. गंमत अशी, की आज ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह धनुष्य तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांनी ओढतात. अंगठा तळहातात दुमडलेला, त्याला कामच नाही. द्रोणाचार्यांना आज दुसरं काहीतरी मागावं लागलं असतं!

आता मुलाच्या डोळ्यांची एक चाचणी रेडिओ ऐकता ऐकताच करून घ्या. मुलाला दोन्ही हात समोर लांब करायला सांगा आणि तळव्यांमध्ये छोटीशी फट ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसत राहतं, तो त्याचा जोरकस डोळा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या काही मुलांचा जोरकस डोळा डावा निघतो. हे पहिल्याच दिवशी सरांच्या कानावर घाला, म्हणजे डाव्या हाताचं धनुष्य द्यायचं का, ते सुरुवातीलाच ठरवतील.

धनुष्य लगेच विकत घेऊ नका. मूल वाढतंय, बूट लहान होतात तसं धनुष्यही लहान होतं. इंडियन राउंडचं लाकडी धनुष्य काही हजारांत मिळतं, पण कंपाउंडचा पूर्ण संच लाखाच्या घरात जातो. शालेय स्पर्धांमध्ये इंडियन राउंड, रिकर्व्ह आणि कंपाउंड हे तिन्ही प्रकार असतात, तेव्हा घाई कसली? चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा, किंवा पंचवटीत हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन विचारा. घरी धनुष्य आलंच, तर बाण न लावता दोरी ताणून सोडू देऊ नका. त्यानं धनुष्य मोडतं. पाहुण्यांची मुलं हमखास हेच करतात.

पहिल्या दिवशी पायात बंद बूट, केस घट्ट बांधलेले, अंगात सैल बाह्यांचा शर्ट नको. कधीतरी दोरी हाताला घासून काळानिळा वळ उठेल. मूल तो पुढचे चार दिवस शाळेत मिरवेल, त्याचा बाऊ करू नका. वळ रोजच उठायला लागला, तर मात्र कोपर कुठं वळतंय ते सरांना विचारा. आणि रेषेमागच्या खुर्चीवर बसून “हात सरळ! हात सरळ!” असं ओरडू नका. सर तिथं असतात, आणि पोराला दोन्ही आवाज एकदमच ऐकू येतात.