डोळ्यांत घालावयाचे दाहशामक थेंब : उपयोग आणि सावधगिरी

(साखरखेर्डा येथील नेत्रतपासणी शिबिरात रुग्ण, त्यांचे नातेवाईक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण. विश्वस्त मंडळाच्या सूचनेवरून या वार्षिक अहवालात समाविष्ट केले आहे.)



साखरखेर्डा हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना १७२४ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यातील त्या संग्रामाने दख्खनचे पुढील राजकारण ठरले. आज आम्ही येथे आलो आहोत ते मात्र एका फार लहान वस्तूविषयी बोलण्यासाठी. ती वस्तू म्हणजे घरोघरी फळीवर किंवा देवळीत ठेवलेली, पाच मिलिलीटरची डोळ्यांच्या औषधाची बाटली.

प्रारंभीच एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य गेले ते रुग्णालयाच्या हिशेबात व व्यवस्थापनात. औषधाविषयी येथे जे सांगणार आहोत ते आमच्या नेत्रतज्ज्ञांनी वाचून, तपासून दिलेले आहे. तरीही हे भाषण डॉक्टरांनी न करता आम्ही करावे असे ठरले, त्याला कारण आहे. ज्या चुकीतून हा विषय पुढे आला ती चूक आमच्या हिशेबाच्या वह्यांतून आमच्याच दृष्टीस पडली.

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या शाळकरी मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाला दर उन्हाळ्यात डोळ्यांना असह्य खाज येत असे. डोळे लाल होत, चिकट तारेसारखा स्राव येई. उष्ण व कोरड्या प्रदेशात, विशेषतः मुलग्यांत, आढळणारा हा ॲलर्जीचा विकार आहे. आमच्याच रुग्णालयाने त्याला पूर्वी थेंब लिहून दिले होते. थेंब घातले की खाज थांबे, मुलगा शाळेत जाई. औषध संपले की ती माउली तीच जुनी चिठ्ठी दाखवून नवी बाटली घेऊन जाई. असे दीड वर्ष चालले. पुढे मुलगा चालताना दाराच्या चौकटीला खांदा घासू लागला, बाजूने आलेली सायकल त्याला दिसेना. तपासणीत डोळ्यांतील दाब फार वाढलेला आढळला. एका डोळ्याची केवळ समोरची अरुंद नजर शिल्लक होती.

आम्ही औषध विभागाच्या पावत्या काढून पाहिल्या. एकाच चिठ्ठीवर एकामागून एक बाटल्या दिल्याच्या नोंदी ओळीने होत्या. रक्कम बरोबर, साठा बरोबर, बेरीज बरोबर. लेखापरीक्षणात त्या पानावर एकही आक्षेप निघाला नव्हता. आम्ही त्या मातेला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुमच्याच दवाखान्याची चिठ्ठी हाये सायेब. म्या एक दिवस बी खाडा केला नाही.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. थेंब किती दिवस घालावयाचे आणि कोणत्या दिवशी थांबवावयाचे, हे त्या चिठ्ठीवर तिला वाचता येईल अशा रीतीने लिहिलेलेच नव्हते. दोष तिचा नव्हता. तो आमचा होता, हे आम्ही विश्वस्त मंडळासमोर मान्य केले आणि आज आपणासमोरही मान्य करीत आहोत.

आता मूळ विषयाकडे वळू. डोळ्यास इजा झाली, शस्त्रक्रिया झाली किंवा ॲलर्जी झाली की डोळा लाल होतो, सुजतो, दुखतो. यास दाह म्हणतात. तो शमविणाऱ्या थेंबांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला स्टिरॉइडचा : प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही त्यांतील नावे. दुसरा स्टिरॉइड नसलेल्या दाहशामकांचा : केटोरोलॅक, फ्लर्बिप्रोफेन, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, डायक्लोफेनॅक. दोन्ही प्रकारची औषधे अत्यंत उपयुक्त आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा शांत होतो, तो बहुतांशी यांच्याच साहाय्याने. म्हणून या भाषणाचा अर्थ कोणीही ‘हे औषध वाईट आहे’ असा घेऊ नये.

स्टिरॉइडच्या थेंबांनी आराम लवकर पडतो, आणि धोका नेमका तेथेच आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा आराम काही वेळा उधारीवर मिळालेला असतो. हे थेंब काही आठवडे सतत घातले असता साधारणपणे तीन माणसांपैकी एकाच्या डोळ्यातील दाब थोडाफार वाढतो, आणि शंभरांतील पाच-सहा जणांचा फार वाढतो. मुलांमध्ये ही वाढ अधिक लवकर होऊ शकते. डोळ्याचा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तो वाढून राहिला की दृष्टीची नस हळूहळू सुकते. यालाच आपण काचबिंदू म्हणतो. यात बहुधा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे दिसत राहते. प्रथम कडेची नजर जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. औषध वेळीच थांबविले तर दाब बहुधा पूर्ववत होतो, परंतु गेलेली नजर परत येत नाही. दीर्घकाळ वापराने तरुण वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. सुकलेल्या नसेवर मात्र आज उपाय नाही.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. आपला भाग कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा. मळणीच्या दिवसांत कुटार डोळ्यात जाते, तुरीचे खुंट किंवा कापसाची पऱ्हाटी डोळ्यास लागते. अशा जखमेत पुष्कळदा बुरशी शिरते आणि बुबुळावर व्रण होतो. अशा वेळी घरातली जुनी बाटली काढून स्टिरॉइडचे थेंब घातले, तर शरीराची प्रतिकारशक्ती तेवढ्या जागेपुरती दबते. डोळा वरून बरा वाटतो आणि आत बुरशी पसरत जाते. शेवटी बुबुळावर फूल पडते किंवा बुबुळास छिद्र पडते. नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे बुबुळावर जो व्रण होतो, त्याचीही हीच कथा आहे. म्हणून शेतात डोळ्याला काही लागले तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. शेजाऱ्याची बाटली, गुलाबपाणी, मध, एरंडेल यांपैकी काहीही घालू नये.

आपणांस २०२३ चा पावसाळा आठवत असेल. जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली आणि रुग्णसंख्येच्या जिल्हावार नोंदींत आपला बुलढाणा जिल्हा आघाडीवर होता. त्या दिवसांत एकच बाटली घरातील सहा माणसांनी वापरल्याची उदाहरणे आम्ही पाहिली. साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्यास विश्रांती, स्वच्छता आणि स्वतंत्र टॉवेल पुरेसा असतो. अशा डोळ्यात स्वतःच्या मनाने स्टिरॉइड घातल्यास लाली तात्पुरती कमी दिसते, पण विषाणू अधिक दिवस रेंगाळू शकतो. बाटलीच्या टोकाला डोळा लागला तर तीच बाटली रोग घरभर वाटते.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. पुष्कळ कंपन्यांच्या औषधांत एकाच नावाच्या दोन बाटल्या असतात. एकीत केवळ प्रतिजैविक असते. दुसरीच्या नावापुढे एखादे इंग्रजी अक्षर अधिक असते आणि ते अक्षर बहुधा आत मिसळलेल्या स्टिरॉइडचे किंवा दुसऱ्या दाहशामकाचे असते. ‘तेच औषध द्या’ असे म्हणून नेलेली बाटली वेगळी निघते ती अशी. म्हणून दुकानात नाव सांगू नये, चिठ्ठी दाखवावी.

स्टिरॉइड नसलेल्या थेंबांनी दाबाचा प्रश्न सहसा येत नाही. म्हणून ते सर्वस्वी निर्धोक आहेत असा समज आहे. तो बरोबर नाही. ते घालताना डोळा चुरचुरतो, आणि जखम भरून येण्यास विलंब लागू शकतो. १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफेनॅकच्या थेंबांनंतर काही रुग्णांचे बुबुळ विरघळल्यासारखे पातळ झाल्याचे आढळले आणि तेथील एक औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. मधुमेह, संधिवात, डोळ्यांचा कोरडेपणा किंवा डोळ्यावर वारंवार शस्त्रक्रिया झालेली असल्यास हा धोका अधिक असतो. ज्यांना ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळतो, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गर्भवती भगिनींनीही तसे सांगावे.

आता याच्या उलट होणारी चूक. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजीबाई चौथ्या दिवशी थेंब बंद करून बसल्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की ‘स्टिरॉइडने डोळा जातो’. आठवड्याने त्या आल्या तेव्हा डोळा लाल, दुखरा आणि धूसर झालेला होता. वेळेवर आल्यामुळे त्यांचा डोळा सावरला. शस्त्रक्रियेनंतरचे थेंब साधारणतः चार ते सहा आठवडे, क्रमाक्रमाने कमी करीत बंद करावयाचे असतात. एकदम थांबविल्यास दाह उसळून येतो. तात्पर्य असे की हे औषध सुरू करणे आणि बंद करणे, ही दोन्ही कामे डॉक्टरांची आहेत.

थेंब घालण्याची रीतही शिकावी लागते. नव्या बाटलीच्या टोपणात बहुधा बारीक काटा असतो. टोपण घट्ट फिरविले की टोकाला योग्य मापाचे छिद्र पडते. सुई, टाचणी किंवा ब्लेडने छिद्र पाडू नये. त्याने छिद्र मोठे होते आणि औषध दूषित होते. प्रथम साबणाने हात धुवावेत. बाटलीवरील नाव आणि मुदत वाचावी. कानाचे थेंब आणि डोळ्याचे थेंब एका जागी ठेवू नयेत. औषध दुधासारखे पांढरे असेल तर बाटली चांगली हलवावी, अन्यथा औषध तळाशी राहते आणि डोळ्यात नुसते पाणी जाते. मान मागे करावी किंवा खाटेवर उताणे पडावे. खालची पापणी बोटाने ओढून तिच्या खोबणीत एकच थेंब टाकावा. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये. डोळ्यात एका थेंबापेक्षा अधिक औषध मावत नाही. दुसरा थेंब गालावरून ओघळतो आणि पैसे वाया जातात. त्यानंतर डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे थांबावे, मलम असेल तर ते शेवटी लावावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती काढूनच थेंब घालावेत.

बाटली ज्या दिवशी उघडली ती तारीख तिच्यावर लिहावी. सर्वसाधारणपणे एक महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्यावे, छापील मुदत शिल्लक असली तरी. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, चुलीजवळ किंवा खिडकीत बाटली ठेवू नये. सावलीच्या गार जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

थेंब चालू असताना डोळा अधिक दुखू लागला, नजर कमी झाली, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे. आणि स्टिरॉइडचे थेंब दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असतील, तर काहीही त्रास नसला तरी डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. त्यास काही मिनिटे लागतात.

ही औषधे औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ‘एच’ मध्ये मोडतात. नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकू नयेत, असा कायदा आहे व तशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. परंतु कायदा होता, चिठ्ठीही होती, तरी त्या मुलाची नजर वाचली नाही. म्हणून त्या घटनेनंतर आम्ही तीन नियम केले. दाहशामक थेंबांच्या प्रत्येक चिठ्ठीवर थांबविण्याची तारीख मराठीत, ठळक अक्षरांत लिहिली जाते. ती तारीख उलटल्यावर आमच्या औषध विभागातून त्या चिठ्ठीवर बाटली मिळत नाही. आणि स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाच्या डोळ्याचा दाब मोजण्याचे शुल्क आम्ही घेत नाही. बाटली न मिळाल्याने पहिल्या काही महिन्यांत आमच्या खिडकीवर वादावादी झाली, काही रुग्ण रागावून परतले, विक्रीही घटली. ती घट या रुग्णालयाने समाधानाने सोसली.

तो मुलगा आज मोठा झाला आहे. दाब कमी करणारे थेंब तो नियमित घालतो. दुसरा डोळा चांगला राहिला आहे, शिक्षण चालू आहे. त्याची आई अजूनही तपासणीस त्याच्याबरोबर येते. आता ती प्रत्येक वेळी खिडकीवर विचारते, “कोणत्या तारखेपर्यंत?”

आपणां सर्वांस आमची एवढीच विनंती आहे की हाच प्रश्न आपणही विचारावा. आम्हाला विचारावा, अन्य डॉक्टरांना विचारावा, दुकानदारासही विचारावा. आज घरी गेल्यावर फळीवरची बाटली उतरवून पाहावी. तारीख उलटली असेल तर ती टाकून द्यावी, आणि औषध चालू असेल तर पुढील तपासणीस येताना ती बाटली बरोबर आणावी.