पदवी आपली, पारख परक्याची

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत कागद तपासण्यात गेले, त्याने साहित्य-संगीतावर बोलावे अशी आपलीही अपेक्षा नसेल. म्हणून आज आपल्यापैकी अनेक घरांत ज्या विषयाची काळजी आहे, तोच आम्ही निवडला आहे. मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिते, गुणही उत्तम असतात. तरीही तेथील विद्यापीठ विचारते, ‘ही पदवी खरी कशावरून, आणि ती आमच्या कोणत्या पदवीच्या तोडीची?’

हा प्रश्न ऐकून पालकांचा स्वाभिमान दुखावतो. परंतु यात अपमान मानण्याचे कारण नाही. सोनार ओळखीच्या गिऱ्हाइकाचेही सोने कसोटीवर घासूनच घेतो. परीक्षकाने आपल्या मुलास पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतो तो केवळ कागद, आणि त्या कागदास तो तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न संस्थेचा. पदवी देणाऱ्यास ती देण्याचा अधिकार आहे काय? आपल्या देशात 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 प्रमाणे हा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांस, अभिमत विद्यापीठांस आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांसच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. ती यादी प्रवेश घेण्यापूर्वी पाहावयाची असते, पदवी हाती आल्यावर नव्हे.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. येथे पुष्कळांची गल्लत होते. परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मिळाला की सर्व झाले, असे अनेकांस वाटते. 1961 च्या हेग करारातील ही व्यवस्था भारतास 2005 पासून लागू आहे. परंतु हा शिक्का कागदावरील सही आणि मोहर खरी असल्याची ग्वाही देतो. आतील गुण खरे आहेत किंवा पदवी अमुक तोडीची आहे, असे तो सांगत नाही. म्हणूनच अनेक विद्यापीठे व मूल्यांकन संस्था गुणांचे ट्रान्स्क्रिप्ट देणाऱ्या विद्यापीठाकडूनच थेट मागवितात, मग ते मोहोरबंद लिफाफ्यात येवो वा संगणकाद्वारे. असा लिफाफा घरी आला तर कुतूहलापोटीही फोडू नये. फोडलेल्या लिफाफ्यास किंमत उरत नाही. शिवाय आपल्याकडे महाविद्यालय शिकविते, पण पदवी संलग्न विद्यापीठाची असते. त्यामुळे महाविद्यालयाचा शिक्का पुष्कळदा पुरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न तोलाचा, आणि खरा अवघड तोच. आम्ही स्वतः तीन वर्षांचे बी.ए. आहोत. अमेरिकेत पहिली पदवी सामान्यतः चार वर्षांची असल्याने आमच्यासारख्या पदवीपुढे तेथे प्रश्नचिन्ह उभे राहते. तेथे परदेशी पदव्यांस सरसकट मान्यता देणारे केंद्रीय खाते नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापला निर्णय घेते, आणि कित्येक विद्यापीठे त्यासाठी खासगी मूल्यांकन संस्थांचा अहवाल मागतात. साहजिकच तीच पदवी एका दारी स्वीकारली जाते, तर दुसऱ्या दारी आणखी एका वर्षाचे शिक्षण मागितले जाते. इंग्लंडात तीन वर्षांची पदवी रूढच आहे. 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपातील बहुतेक देशांतही ती रुळली. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी केली आहे. ज्यांस परदेशी जावयाचे आहे त्यांनी तिचा विचार आरंभीच करावा.

गुणांचेही तसेच. आपल्याकडे शेकडा 60 म्हणजे बहुधा प्रथम वर्ग. अमेरिकन वाचकास मात्र 60 हा आकडा जेमतेम उत्तीर्णाचा वाटतो. जर्मनीत 1 हा सर्वोत्तम आणि 4 हा उत्तीर्णतेचा शेवटचा अंक. तेथे कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करतात, त्यास कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागतात, आलेल्या संख्येस तिनाने गुणून त्यात एक मिळवितात. शंभरांपैकी 70 गुण आणि उत्तीर्णतेची मर्यादा 40 असेल, तर उत्तर येते 2.5. म्हणून गुणपत्रकामागे छापलेला श्रेणीचा तक्ता अवश्य जोडावा, आणि विद्यापीठाने मागितल्यावाचून स्वतः गुणांचे रूपांतर करून पाठवू नये. जर्मनीसाठी भारतीय पदवीधरांस 2022 च्या नोव्हेंबरपासून एपीएस या कार्यालयाचे प्रमाणपत्रही सामान्यतः लागते.

आता आपल्या घरांची खास अडचण. बदलीच्या हुकुमाबरोबर आपला संसार गावोगाव फिरला. मुलाची दहावी एका राज्यात, बारावी दुसऱ्या आणि पदवी तिसऱ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यापूर्वी साक्षांकन करावयाचे झाल्यास ते ज्या राज्यात कागद निघाला त्या राज्याकडून करावे लागते. महाराष्ट्राच्या शालान्त गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव. तामिळनाडूच्या कागदांवर बहुधा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर. पारपत्रावर तिसरीच मांडणी. लग्नानंतर मुलीचे नाव बदलले की चौथी. आपणांस ही सारी एकच व्यक्ती दिसते. परक्यास चार दिसतात. विद्यापीठांचीही नावे बदलली. मराठवाडा विद्यापीठाचे 1994 मध्ये, मुंबईचे 1996 मध्ये, नागपूरचे 2005 मध्ये आणि पुण्याचे 2014 मध्ये नामांतर वा नामविस्तार झाला. जुन्या पदवीवरील नाव आजच्या यादीत सापडले नाही, तर परीक्षक थबकणारच. त्यासाठी नामांतराचा शासकीय आधार सोबत द्यावा.

याच अडचणींचा फायदा घेणारे मध्यस्थ आज शहरोशहरी आहेत. ‘गुण थोडे वाढवून देतो, अनुभवाचा दाखला करून देतो’ असे म्हणणारा माणूस दारी आला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. खोटा कागद प्रवेश मिळाल्यावर उघडकीस आला, तरी प्रवेश रद्द होतो, प्रवासाचा परवाना जातो आणि घराने काढलेले कर्ज तेवढे मागे उरते. याहून मोठी हानी दुसऱ्यांची होते. सुक्याबरोबर ओलेही जळते. एका विद्यापीठाचे चार कागद खोटे निघाले की पाचव्या प्रामाणिक विद्यार्थ्याचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. पदवीवर नाव एकट्याचे असते. परंतु तिची पत त्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या सर्वांची सामायिक ठेव असते.

उलट दिशेनेही हाच न्याय आहे. परदेशी पदवी घेऊन स्वदेशी पुढील प्रवेश मागणाऱ्यासही समकक्षता सिद्ध करावी लागते. भारतीय विश्वविद्यालय संघ हे काम पूर्वीपासून करीत आला आहे, आणि 2025 मध्ये अनुदान आयोगानेही त्यासाठी नियम केले. आपणही परक्यांचे कागद तपासतोच. मग आपले तपासले जाण्याचा विषाद कशाला?

आमचे सांगणे इतकेच की, दहावीपासूनचे सारे कागद एका ठिकाणी ठेवावेत. नावातील फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावेत. डिजिलॉकरमधील राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात आपली पदवी नोंदली आहे काय, ते पाहावे. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज प्रवेशाच्या मुदतीपूर्वी निदान सहा महिने करावा. आणि मंडळानेही, ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, त्यांची एक छोटी साहाय्य समिती नेमावी. पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात आलेल्या नवख्या कुटुंबास घर शोधून दिले, शाळा दाखविली. आता त्याच कुटुंबांची मुले आणखी दूरच्या परमुलखाकडे निघाली आहेत. त्यांस वाट दाखविणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल होय.