आईची वही आणि आपल्या कष्टाचा हिशोब

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या जेवण-ऑर्डर गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण. अनेक मैत्रिणींनी मागणी केल्यामुळे ते त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला सांगितलं होतं, तुमचा गट जेवणाच्या ऑर्डरी कशा घेतो त्यावर दहा मिनिटं बोला. पण आमच्या गटाचं जे काही चांगलं चाललंय ते माझ्या आईकडून आलंय. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. म्हणून मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे, त्यातून गटाचंही सगळं येईल.

माझे वडील मुंबईत गिरणीत कामाला होते. आपल्या भागातनं तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला असायचा. लालबागला चाळीत आमची एक खोली होती. त्या खोलीत आई खाणावळ चालवायची. गावाकडची चौदा माणसं आमच्याकडं जेवायची. कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, कोण रातपाळीला. म्हणजे चूल दिवसभर थंड व्हायची नाही. पहाटे चार वाजता आईचा स्टोव्ह पेटायचा, तो रात्री अकराला विझायचा.

गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. महिन्याचे पैसे पगाराला मिळायचे, पण वाण्याचा माल तर रोज लागायचा. मग उधारी, नाहीतर व्याजानं पैसे. या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खाणावळवाल्या बायकांचे गट केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांना मिळवून दिलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. आज आपण गटात जे करतो तेच की हे! आई काही त्या मंडळात नव्हती, पण शेजारणींकडनं ऐकून होती. ती नेहमी म्हणायची, “बाईला बँकेत खुर्ची मिळाली ती भाकरीच्या जिवावर.”

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला, आणि खाणावळीचे पैसेही थांबले. मी तेव्हा नऊ वर्षांची. आईनं पहिले चार महिने कुणाचंही ताट बंद केलं नाही. आमटी पातळ झाली, भाजी एकच झाली, पण ताट वाढलं. त्यासाठी हातातल्या दोन बांगड्या गेल्या. पुढं माणसंच गावाकडं परतायला लागली. पुढच्या वर्षी आम्हीपण आलो. सामानात दोन मोठे टोप, एक परात, झारा आणि आईची वही.

गावात शेती अर्धा एकर, तीही कोरडवाहू. भाऊबंदातल्या एका लग्नात आचारी ऐनवेळी आला नाही. आई पुढं झाली. दोनशे माणसांचा स्वयंपाक तिनं चार बायका हाताशी घेऊन उभा केला. तिथनं आमचा धंदा सुरू झाला. लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, बाराव्याचं जेवण, जे येईल ते. चर खणून चुलवण, वर काहील, आणि धुरात आई.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट बघा. गावात आचारी म्हणजे पुरुष. सुपारी घ्यायला, इसार घ्यायला वडील जायचे. पैसे त्यांच्या हातात यायचे. लोक आईला ‘आचाऱ्याची बायको’ म्हणायचे. वडील स्वभावानं चांगले. चारचौघांत ते सांगायचे की खरी आचारी ही आहे. लोक हसायचे, त्यांना वाटायचं गंमत करतोय.

आता तिच्या वहीविषयी सांगते. आई चौथी शिकलेली. वहीत तिनं चार रकाने पाडले होते: माणसं सांगितली किती, जेवली किती, माल गेला किती, उरलं किती. प्रत्येक कामाची नोंद. वीस वर्षांच्या त्या नोंदी म्हणजे आमची शाळा. तिचं माप असं होतं. एक किलो कणकेच्या 45 ते 50 पुऱ्या. माणशी पाच धरल्या तर शंभर माणसांना 10 ते 11 किलो कणीक. तांदूळ शंभराला 9 किलो, शेतकामाचे दिवस असतील तर 11. तूरडाळ साडेतीन किलो. बटाट्याची भाजी असेल तर बटाटा 12 किलो. मुलं जास्त असली तर भात कमी आणि गोड जास्त.

घरधनी तीनशे सांगतो आणि जेवतात साडेतीनशे, हे तिला वहीनं शिकवलं होतं. म्हणून ती जादा पीठ मळायची नाही, पण जादा पीठ पोत्यात तयार ठेवायची. डाळ जादा शिजवायची नाही, पण दुसऱ्या चुलीवर आधण ठेवायची. पंगतीला कमी पडलं तर वीस मिनिटांत उभं राहायचं आणि नाही लागलं तर कोरडा माल घरधन्याला परत. असा माल परत देणारी म्हणून तिला लांबलांबनं बोलावणी यायची.

तळणीचं तेल ती दुसऱ्या कामाला कधी नेत नसे. उरलेला भात दुपारच्या पंगतीचा रात्रीच्या पंगतीत मिसळत नसे. कुणी म्हणालं, “मावशी, चालतंय की,” तर म्हणायची, “तुझ्या पोराला वाढशील का? मग दुसऱ्याच्या पोराला कशाला?” हल्ली आपल्याला प्रशिक्षणात सांगतात, शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवा. आईकडं कुठला थर्मामीटर? झाकण काढल्यावर वाफ दिसली पाहिजे, एवढंच तिचं माप.

वडिलांना 1999 ला पक्षाघात झाला. धंदा बंद पडणार असं सगळ्या गावानं धरलं. एका घरानं तर दिलेला इसार परत मागितला, ‘आचारीच नाही तर जेवण कोण करणार’ म्हणून. आईनं इसार परत दिला, एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसापासनं सुपारी घ्यायला ती स्वतः जायला लागली, वही पिशवीत घेऊन. मागचं काम कुठं केलं, किती माणसं जेवली, किती उरलं, सगळं दाखवायची. वडिलांचं औषधपाणी, त्यांना उठवणं-बसवणं, आंघोळ, सगळं करून ती कामावर जायची. सहा वर्षं तिनं असं केलं. माझं लग्न, भावाचं आयटीआय, सगळं त्यातनंच झालं.

ती गेल्यावर आम्ही गटातल्या पाचजणींनी धंदा पुढं चालवायचं ठरवलं. कर्जप्रकरणासाठी मागचा हिशोब पाहिजे म्हणून मी ती वही पहिल्यापासनं वाचली. त्यात पुऱ्या लाटणाऱ्या बायकांचा रोज लिहिलेला आहे. पाणी भरणाऱ्याचा लिहिलेला आहे. वाढप्यांचा, टेंपोचा, सरपणाचासुद्धा आहे. नाही तो फक्त एकीचा. आईचा स्वतःचा रोज वीस वर्षांत एकदाही लिहिलेला नाही. शेवटी जे उरायचं त्याला ती ‘नफा’ लिहायची. तो नफा नव्हता, बायांनो. ती तिची मजुरी होती, आणि तीही पुरी नव्हती.

हे एकट्या आईचं नाही. आपण सगळ्या तेच करतो. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. शंभर ताटांची ऑर्डर, ताट 120 रुपये, म्हणजे 12,000. माल, गॅस, टेंपो मिळून खर्च 8,000. आपण काय म्हणतो? 4,000 नफा! पण पाचजणी दिवसभर राबल्या. आपल्याकडं रोज 400 चालतो, म्हणजे 2,000. आदल्या दिवशी दोघी अर्धा दिवस बाजारात आणि निवडण्यात, त्याचे 400. मग खरा नफा उरला 1,600. त्यातनं भांड्यांची झीज, कल्हई, पुढच्या मालासाठी पैसा. आणि कुणी म्हणालं, ताट 100 ला द्या, तर आपण घासाघीस करून हो म्हणतो. म्हणजे 2,000 कमी, नफा गेलाच, वर मजुरीतले 400 पण गेले. रोज लिहिलेला नसला तर हे कळतसुद्धा नाही.

म्हणून आमच्या गटानं तीन नियम केलेत. आपल्याला पटले तर तुमच्या गटात ठराव करा.

एक. प्रत्येक ऑर्डरच्या हिशोबात आधी आपला रोज लिहायचा, मग नफा काढायचा. सासू असो, सून असो, घरची म्हणून फुकट कुणी नाही.

दोन. माणसं किती, पदार्थ कोणते, दर काय, इसार किती, हे कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या. तोंडी काम घ्यायचं नाही.

तीन. अन्न नोंदणी, बँक खातं, बोर्ड, सगळ्यावर काम करणाऱ्या बाईचं किंवा गटाचं नाव. आणि सिलिंडर व्यवसायाचा, 19 किलोचा. घरगुती सिलिंडरवर धंदा करायला परवानगी नाही.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही आपली पंचसूत्री. आईनं यातलं शेवटचं सूत्र कुणी न शिकवता पाळलं, म्हणून आज आम्ही उभ्या आहोत. तिच्या वहीत एकच रकाना कमी होता. तो आपण घालायचा.

जाता जाता एक. 1 मे 2024 नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर मुलाच्या नावामागं आईचं नाव लागतं. चांगलं झालं. आता धंद्याच्या कागदावरही लागू दे. ते सरकार करणार नाही, ते आपल्याला करायचंय.

बाहेर तुमच्यासाठी जेवण तयार आहे. माणसं 180 सांगितली होती, 210 दिसताहेत. काळजी करू नका, पीठ जादा ठेवलंय.