हत्तीची वाट



चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाखालून जाताना मान जरा वर केली, तर दगडात कोरलेली एक आकृती दिसते. सिंहाने हत्तीला खाली दाबून धरले आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह. लहानपणी मला त्यातल्या सिंहाचेच कौतुक वाटे. हत्ती बिचारा सिंहाचे बळ दाखवण्यापुरता. पुढेही पुष्कळ वर्षे आमच्याकडचा हत्ती असा दगडातलाच राहिला. नाही म्हणायला गणपतीच्या रूपाने तो दरवर्षी घरी येई, कधी सर्कशीबरोबर गावात येई. आणि अहेरी तालुक्यात कमलापूरला वनखात्याचे पाळीव हत्ती होते, ते आजही आहेत. पूर्वी ते सागाचे ओंडके ओढत. आता त्यांना पाहायला लांबलांबून माणसे येतात, मुलांना दाखवतात, फोटो काढून घेतात. रानात मोकळा फिरणारा हत्ती मात्र आमच्या पिढीने पाहिला नव्हता आणि आमच्या वडिलांच्या पिढीनेही नाही. अबुल फजलने 'आइन-ए-अकबरी'त हत्ती सापडणाऱ्या मुलखांची नावे दिली आहेत, त्यांत आमच्या शेजारच्या बस्तरचे नाव आहे. पण ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची!

आणि मग २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने सुमारे वीस हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. हे हत्ती मूळचे ओडिशाकडचे. तिकडची जंगले खाणींनी, रस्त्यांनी, वस्त्यांनी तुटत गेली तसे कळप गेल्या तीस-पस्तीस वर्षांत छत्तीसगडात सरकले, आणि त्यांतला हा एक आणखी पुढे आला. बरे, आला तोही नेमका धान भरण्याच्या दिवसांत. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. रानात तेवढे मिळवायचे तर दिवसाचे सोळा-अठरा तास चरत हिंडावे लागते. बांधीत मात्र सगळे एका जागी, दाट आणि गोड. त्यातून मोहफुलांचा वास. मोह साठवलेल्या घराची मातीची भिंत हत्तीपुढे कितीशी टिकणार?

हत्ती आल्याची बातमी पसरली तशी माणसेही निघाली. कोणी नारळ घेऊन, कोणी मोबाइल घेऊन. हत्ती म्हणजे आपल्याकडे देवाचे वाहनच नव्हे, देवाचे तोंड. वाघ रस्त्यात आला तर आम्ही गाडी मागे घेतो. हत्ती आला तर हात जोडून पुढे होतो. माझे म्हणणे असे की वाघाची भीती आमच्या जुन्या ओळखीतून आली आहे, आणि हत्तीची ओळख आम्ही मखरातून आणि कमलापुराहून आणली आहे. ती रानातल्या हत्तीला लागू पडत नाही.

हे शहाणपण मला नंतर सुचले, हे कबूल केले पाहिजे. २०२३ च्या पावसाळ्याच्या शेवटी कळप आरमोरी तालुक्यात होता. त्याच सप्टेंबरात त्या तालुक्यात वनखात्याच्या एका वाहनचालकाचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. पेपरात मी ते वाचले होते. तरीही एका संध्याकाळी मी, आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सहकारी आणि बी. ए. चे दोन विद्यार्थी असे दोन मोटारसायकलींवर निघालो. "चला, पुन्हा असा योग यायचा नाही," हे शब्द माझेच.

डांबरी रस्त्यावर साठ-सत्तर माणसे तरी असतील. गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. रस्त्याच्या एका अंगाला बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. वनरक्षक कळवळून सांगत होते, मागे सरा, दिवे बंद करा. ऐकतो कोण? एक भजीवालाही येऊन बसला होता, आता बोला! अंधार पडू लागला तशी बांधीच्या पलीकडच्या झाडोऱ्यात फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि चिखलाने माखलेली एक पाठ दिसली. लगेच शंभर दिवे तिकडे वळले. कोणी शिट्टी मारली. कोणी "गणपती बाप्पा" म्हटले.

पुढचे सगळे पाच-दहा सेकंदांत झाले. एक मोठी मादी कान फैलावून, डोके उंच करून बांधीतून थेट आमच्याकडे आली. एवढे मोठे जनावर, पण पावलांचा आवाज जवळजवळ नाही, फक्त चिखलाचे चुबुक चुबुक. लोक सैरावैरा धावले. आमचा एक विद्यार्थी नालीत पडला. मी त्याचा दंड धरून ओढत होतो आणि ती चाळीस-पन्नास पावलांवर थांबलेली दिसत होती. मग ती वळली आणि परत गेली.

जाणकार सांगतात की कान पसरून, गाजावाजा करीत येणे हा बहुधा इशारा असतो. खरा हल्ला करायचा असेल तर हत्ती बहुधा सोंड आत गुंडाळतो, कान मागे घेतो आणि थांबत नाही. हा फरक नालीत पडलेल्या माणसाने ओळखायचा कसा? हत्ती ताशी पंचवीस किलोमीटरने सहज धावतो. आपण झाडोऱ्यात त्याच्या निम्म्यानेही पळू शकत नाही. आणखी एक गैरसमज असा की सुळे असलेला तेवढा भयंकर. आपल्याकडच्या माद्यांना बाहेर दिसणारे सुळे नसतात. पण कळप चालवते ती वयस्क मादीच, आणि मध्ये पिल्लू असले की तिच्याइतके संशयी कोणी नाही. तिची नजर बेताची, नाक मात्र विलक्षण. तुम्ही झाडामागे लपलात तरी वाऱ्याने तिला तुमची खबर कधीच दिलेली असते.

आम्हाला इशाऱ्यावर सोडले. सगळ्यांनाच सोडले जाते असे नाही. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या आबापूरच्या जंगलात तेवीस वर्षांचा एक तरुण हत्तीबरोबर स्वतःचा फोटो घ्यायला गेला आणि मारला गेला. तो लांबचा नव्हता. केबल टाकण्याच्या कामावर चंद्रपूर जिल्ह्यातून आलेला मजूर होता. हत्ती हाकण्यासाठी वनखात्याने इथे जी हुल्ला पथके आणली, ती बंगालची. त्या वाटेवरच्या लोकांना हत्तीशी कसे वागावे हे पिढ्यांनी ठाऊक. पण आमच्याकडचा हा पोरगा मोबाइल हातात घेऊन पुढे गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात बंदीपूरच्या रस्त्यावर असाच एक पर्यटक हत्तीच्या पायाखाली सापडला. तो वाचला, आणि वनखात्याने त्याला पंचवीस हजार रुपये दंड केला. दंडाने माणसे शिकतील का, कोण जाणे.

आता त्या संध्याकाळकडे परत येतो. आमची एक मोटारसायकल तिथेच राहिली होती. ती शोधताना रस्त्याकडेला साठीचे एक शेतकरी बसलेले दिसले. बांधी त्यांचीच होती. मी म्हटले, "मामाजी, घरी चला, इथे धोका आहे." ते म्हणाले, "सरजी, हत्ती इकडून तिकडं जाणार होते. सांजेपासून तोच बेत हाय त्यायचा. ही त्यायची वाट हाय. वाटंवर तुमी उभे. मंग ते कसे जातीन? माज्याच बांधीत रायतीन ना."

मला उत्तर सुचले नाही. खरोखर, हत्ती पिकात थांबले होते ते पिकासाठीच असे नव्हे. रस्ता ओलांडून जंगलात जायची त्यांची वेळ झाली होती आणि आम्ही दिव्यांची भिंत उभी केली होती. गर्दी हटवायला वनरक्षकांना रात्रीचे अकरा वाजले. तोवर कळप बांधीतच घुटमळत राहिला.

सकाळी मी गाडी आणायला गेलो. हत्ती पहाटे रस्ता ओलांडून गेले होते. रस्त्यावर लीद होती, भज्यांचे कागद होते. बांधीत पंचनामा चालू होता. चिखलात पावले इतकी स्वच्छ उमटली होती की वनरक्षकाने मला दोरी धरायला लावून एक मोजून दाखवले. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची निघते. घेर पावणेचार फूट भरला. म्हणजे साडेसात फूट, मादी असावी. तिच्या ठशाच्या कडेवरच एक छोटा ठसा होता, त्याचा घेर जेमतेम दीड फूट. आदल्या रात्री शंभर दिव्यांत आम्हा कोणालाच हे पिल्लू दिसले नव्हते.

मामाजी बांधावर उकिडवे बसले होते. लोंब्या भरत आलेले धान चिखलात लोळले होते. त्यांनी एक लोंबी उचलली, दाणे हातावर चोळले, फुंकर मारली आणि टाकून दिले. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

वनरक्षकाला पंच कमी पडत होते. गावचे लोक रात्रभर जागून नुकतेच झोपले होते. "सर, तुम्ही सही करता का? तुम्ही रात्री होतातच," ते म्हणाले. मी कागद वाचला. नुकसानीचे कारण या जागी 'जंगली हत्ती' एवढेच लिहिले होते. खाली पंच क्रमांक दोन म्हणून माझी सही आहे.